प्रतिजैविकाविना कुक्कुटपालन : पर्यायांचा हिशेब

कुक्कुटपालन हा एकेकाळी परसातील जोडधंदा होता. आज तो देशाच्या मांस-उत्पादनाचा मुख्य आधार बनला आहे. केंद्रीय पशुसंवर्धन विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२-२३ या वर्षात देशात सुमारे ९७.७ लाख टन मांसाचे उत्पादन झाले आणि त्यातील निम्म्याहून अधिक वाटा कोंबडीच्या मांसाचा होता. एक दिवसाचे पिल्लू शेडमध्ये येते आणि पस्तीस ते बेचाळीस दिवसांत दोन किलोंच्या आसपास वजन धरून बाजारात जाते. वर्षातून पाच-सहा वेळा भांडवल फिरवून देणारा दुसरा शेतीपूरक व्यवसाय क्वचितच सापडेल. अल्पभूधारक शेतकऱ्याला तो जवळचा वाटतो आणि बँकांनाही त्याला कर्ज देणे सोयीचे वाटते, यात नवल नाही.

मात्र या वेगाला गेली अनेक दशके एका स्वस्त सवयीची साथ मिळत आली आहे. पक्षी आजारी असो वा नसो, त्याच्या खाद्यात थोडे प्रतिजैविक मिसळायचे, ही ती सवय. आता तिच्यावर जगभर निर्बंध येत आहेत आणि ‘प्रतिजैविकाऐवजी काय?’ हा प्रश्न शेडच्या दाराशी येऊन ठेपला आहे. बाजारात त्याचे उत्तर पुड्या आणि बाटल्यांच्या रूपाने हजर आहे. परंतु एका पुडीच्या जागी दुसरी पुडी ठेवल्याने हा प्रश्न सुटेल असे मानणे ही फसगत ठरेल. खरा पर्याय प्रामुख्याने शेडच्या रचनेत, पाण्यात आणि व्यवस्थापनात आहे. आणि म्हणून हा प्रश्न जितका पशुवैद्यकाचा आहे, तितकाच भांडवलाचाही आहे.

सवयीचा उगम

या सवयीची सुरुवात एका योगायोगाने झाली. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत टॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे शास्त्रज्ञ पिल्लांच्या आहारासाठी ब-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाच्या निर्मितीनंतर उरणारा चोथा त्यांनी पिल्लांना खाऊ घातला, तेव्हा केवळ जीवनसत्त्वामुळे होईल त्याहून अधिक वाढ दिसून आली. चोथ्यात राहून गेलेल्या औषधाचा तो परिणाम होता. १९५० मध्ये ही गोष्ट जाहीर झाली आणि टनभर खाद्यात काही ग्रॅम औषध मिसळण्याची पद्धत अल्पावधीत जगभर रूढ झाली.

त्याच दशकात इंग्लंडमध्ये रीडिंगजवळच्या संशोधन संस्थेत मारी कोट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांची मात्र व्यावसायिकांनी फारशी दखल घेतली नाही. ज्या जागेत पूर्वी अनेक वेळा कोंबड्या वाढवल्या होत्या, तिथे औषधाचा फायदा स्पष्ट दिसे. नव्या, स्वच्छ जागेत वाढवलेल्या पिल्लांना त्याच औषधाचा विशेष उपयोग होत नसे. पुढे पूर्णतः जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या पिल्लांवरही असाच अनुभव आला. याचा अर्थ स्पष्ट होता : खाद्यातील प्रतिजैविक पक्ष्याला जादूने वाढवत नव्हते, ते शेडमधील अस्वच्छतेची किंमत झाकत होते. पर्यायांच्या शोधाची दिशा या एका निरीक्षणात दडलेली आहे.

जामीनदार कोण?

कर्जव्यवहारात ऋणको फेडू शकला नाही तर जामीनदाराला पैसे भरावे लागतात. पण त्याने निदान स्वाक्षरी तरी केलेली असते. खाद्यातील प्रतिजैविकांच्या व्यवहारात मात्र कधीही स्वाक्षरी न केलेल्या माणसांवर वसुली येते. अल्प मात्रेतील औषधाने दुर्बल जंतू मरतात, चिवट जंतू टिकतात आणि त्यांचीच संख्या वाढत जाते. १९४५ मध्ये नोबेल पुरस्कार स्वीकारताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी अपुऱ्या मात्रेच्या या धोक्याचा इशारा दिला होता. असे प्रतिरोधक जंतू विष्ठेतून, शेडमधील तुसातून, शेतात टाकलेल्या खतातून, सांडपाण्यातून आणि मांस हाताळणाऱ्यांच्या हातांवरून माणसांपर्यंत पोहोचतात. मांस नीट शिजवले की जंतू मरतात हे खरे. पण कच्चे मांस कापलेली सुरी आणि पाट शिजवला जात नाही.

दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०१४ मध्ये राजधानी परिसरातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. २०१७ मध्ये पंजाबमधील १८ कुक्कुटशाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तुलनेत मांसल कोंबड्यांच्या शेडमध्ये प्रतिरोधक जंतूंचे प्रमाण ठळकपणे अधिक आढळले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात १२.७ लाख मृत्यू थेट जंतूंच्या औषध-प्रतिरोधामुळे झाले. या सर्वांचा दोष कुक्कुटपालनावर ठेवणे अन्यायाचे होईल. माणसांच्या उपचारांतील औषधांचा गैरवापर हे त्याचे फार मोठे कारण आहे. पण आपला वाटा नाकारण्याचा अधिकारही या व्यवसायाला उरलेला नाही.

कोलिस्टिनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मूत्रपिंडावरील दुष्परिणामांमुळे मागे पडलेले हे जुने औषध, इतर औषधे निष्फळ ठरू लागल्यावर अतिदक्षता विभागांत अखेरचा उपाय म्हणून परत आले. त्याच काळात ते कोंबड्यांच्या खाद्यात मात्र पोत्यांनी मिसळले जात होते. २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी कोलिस्टिनला दाद न देण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज नेणारे जनुक शोधून काढले आणि सर्वत्र खळबळ उडाली. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्योपयोगी प्राण्यांसाठी, कुक्कुटपालनासाठी आणि पशुखाद्यपूरकांत कोलिस्टिनवर बंदी घातली.

कायद्याची चाल

स्वीडनने १९८६ मध्येच वाढीसाठी प्रतिजैविके देण्यास मनाई केली. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून तीच वाट धरली. अमेरिकेत २०१७ पासून मानवी वैद्यकात महत्त्वाची असलेली औषधे वाढीसाठी वापरता येत नाहीत. चीनने २०२० मध्ये खाद्यातील अशी प्रतिजैविके बंद केली. भारतात २००७ च्या कुक्कुटखाद्य मानकात भारतीय मानक ब्युरोने ही औषधे टप्प्याटप्प्याने थांबवण्याची शिफारस केली. परंतु ते मानक ऐच्छिक राहिले. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या सुधारित नियमांनी १ एप्रिल २०२५ पासून अन्नोत्पादनात मनाई असलेल्या प्रतिजैविकांची यादी अधिक विस्तृत केली.

या नियमांपैकी २०१२ चा एक नियम शेडमधल्या माणसाने लक्षात ठेवावा असा आहे. प्राण्यांच्या औषधाच्या वेष्टनावर, शेवटची मात्रा आणि मांस बाजारात पाठवणे यांत किती दिवसांचे अंतर हवे, हे छापणे त्याने बंधनकारक केले. आणि तसा कालावधी निश्चित नसेल तर कोंबडीच्या मांसासाठी तो किमान २८ दिवसांचा धरावा, असे सांगितले. चाळीस दिवसांचे आयुष्य असलेल्या पक्ष्याच्या बाबतीत याचा अर्थ असा की असे औषध पहिल्या बारा दिवसांनंतर द्यायचेच नाही. हा साधा वजाबाकीचा हिशेब किती शेडमध्ये पाळला जातो, हा प्रत्येक संबंधिताने स्वतःला विचारण्याचा प्रश्न आहे.

पर्यायांची पारख

आजारी पक्ष्यांवर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, पुरेशा मात्रेत आणि ठरावीक दिवस उपचार करण्यास कोणाचाच विरोध असू शकत नाही. पर्याय शोधायचा आहे तो रोजच्या खाद्यातील औषधाला. आज उपलब्ध असलेल्या पर्यायांचे बलाबल थोडक्यात असे सांगता येईल.

उपकारक जंतू : १९७३ मध्ये फिनलंडमध्ये नुर्मी आणि रँताला यांनी निरोगी प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील जंतू नवजात पिल्लांना देऊन साल्मोनेला या रोगजंतूला अटकाव करता येतो, हे दाखवले. आतड्यातील जागा आधीच भरलेली असेल तर उपद्रवी जंतूला थारा मिळत नाही, असे यामागचे साधे तत्त्व आहे. दह्यातील जंतूंच्या कुळातील प्रकार गोळीखाद्य तयार करतानाच्या उष्णतेत मरतात. बॅसिलस कुळातील जंतूंची बीजे मात्र ती उष्णता सोसतात. क्लोरीन घातलेल्या पाण्यातून जिवंत जंतूंची मात्रा दिली तर ती वाया जाते. याच कारणाने पाण्यातून द्यायची जिवंत लसही निष्फळ ठरते.

सेंद्रिय आम्ले आणि यीस्टचे घटक : फॉर्मिक, प्रोपिऑनिक व ब्यूटिरिक आम्ले खाद्यातील बुरशी व जंतू कमी करतात आणि आतड्याच्या अस्तराला साहाय्य करतात. मात्रा चुकली तर पक्षी पाणी कमी पितात आणि धातूच्या नळ्या गंजतात. यीस्टच्या पेशीभित्तिकेतील शर्करा उपद्रवी जंतूंना आतड्याला चिकटू देत नाहीत.

विकरे : मक्याऐवजी गहू, बाजरी, तांदळाचा कोंडा असे घटक वापरले की न पचलेला भाग मागे राहतो आणि तोच रोगजंतूंचे खाद्य बनतो. झायलनेज, फायटेज यांसारखी विकरे पचन सुधारून हा उरलेला भाग कमी करतात. खाद्यखर्च एकूण खर्चाच्या सुमारे दोनतृतीयांश असल्याने हा पर्याय आर्थिकदृष्ट्याही टिकाऊ ठरतो.

वनस्पतिजन्य घटक : ओवा, लसूण, हळद, तुळस यांचे जंतुनाशक गुण भारतीय घरांना नवे नाहीत. ओव्यातील थायमॉल हा तर अनेक व्यापारी उत्पादनांचाही मुख्य घटक आहे. परंतु वनस्पतीचा वाण, हंगाम आणि अर्क काढण्याची पद्धत यांनुसार त्यांची शक्ती बदलते. ‘आयुर्वेदिक’ ही अक्षरे छापली म्हणून मात्रा सिद्ध होत नाही. पुडीवर घटकाचे प्रमाण आणि चाचणीचा तपशील नसेल, तर तिच्यावरील खर्च हा श्रद्धेचा खर्च समजावा.

जीवाणुभक्षक विषाणू : जंतूंनाच खाणारे हे विषाणू फेलिक्स द हेरेल यांनी १९१९ मध्ये फ्रान्समधील कोंबड्यांच्या साथीवर वापरून पाहिले होते, १९२७ मध्ये भारतात पटकीच्या साथीतही त्यांनी असे प्रयोग केले. शंभर वर्षांनी त्यांच्याकडे पुन्हा लक्ष वळले आहे. पण प्रत्येक विषाणू ठरावीक जंतूवरच चालत असल्याने सर्वसाधारण शेतकऱ्याच्या हाती तो सहज येण्यास अवधी लागेल.

यांपैकी प्रत्येक पर्यायात तथ्य आहे. परंतु एकट्याने प्रतिजैविकाची जागा घेईल असा एकही नाही. गळक्या छपराखाली, ओल्या तुसावर, क्षमतेपेक्षा जास्त पिल्ले कोंबलेल्या शेडमध्ये महागडे पूरकही पराभूत होते.

मुख्य पर्याय शेडमध्ये

अशा परिस्थितीत काय उपयोगी पडते, याची यादी अगदी साधी आहे. दोन लॉटच्या मध्ये शेड रिकामी ठेवून धुणे, चुन्याची सफेदी करणे, भाताचे तूस बदलणे. तूस ओले होऊ न देणे, कारण ओल्या तुसातून उठणारा अमोनिया पक्ष्यांच्या श्वासनलिका खराब करून रोगाला वाट करून देतो. पाण्याची वर्षातून निदान दोनदा तपासणी करणे, उघड्या भांड्यांऐवजी निप्पलची सोय करणे. उन्हाळ्यात फवारे व पंखे, हिवाळ्यात पडदे आणि पिल्लांसाठी पुरेशी ऊब. दारात पाय बुडवण्याचे जंतुनाशक, बाहेरच्या माणसांना व वाहनांना मज्जाव. आणि वेळच्या वेळी लसीकरण. कुमाऊंमधील राणीखेत या गावाचे नाव ज्या रोगाला चिकटले, त्या मानमोडीवर प्रतिजैविक चालत नाही, कारण तो विषाणूचा रोग आहे. लस मात्र चालते. विषाणूने शरीर पोखरले की मागून जंतू शिरतात आणि मग औषधाची बाटली उघडली जाते. पहिले दार बंद ठेवले तर दुसऱ्याची वेळ क्वचितच येते.

डेन्मार्कचा अनुभव या संदर्भात उपयुक्त आहे. तिथल्या मांसल कोंबडी उत्पादकांनी फेब्रुवारी १९९८ मध्ये स्वेच्छेने वाढीसाठीची प्रतिजैविके बंद केली. एक किलो वजनवाढीसाठी लागणारे खाद्य सुमारे १.८२ किलोवरून १.८४ किलोवर गेले. मरतुक लक्षणीय वाढली नाही. त्याआधी १९९५ मध्ये तिथे ॲव्होपार्सिन या औषधावर बंदी आली होती. कोंबड्यांमधील एका जंतुप्रकारात त्या वर्षी ७२.७ टक्के असलेला प्रतिरोध २००० पर्यंत ५.८ टक्क्यांवर उतरला.

हाच फरक एका लहान शेडला लावून पाहू. पाच हजार पक्ष्यांचा एक लॉट, प्रत्येकी दोन किलो वजन, खाद्याचा भाव किलोला ४० रुपये असे गृहीत धरले, तर प्रत्येक पक्ष्यामागे ४० ग्रॅम, म्हणजे लॉटमागे २०० किलो खाद्य अधिक लागेल. त्याची किंमत ८,००० रुपये. म्हणजे पक्ष्यामागे एक रुपया साठ पैसे. त्यातून वाचलेल्या औषधाची किंमत वजा करावी लागेल. डेन्मार्कमधील शेड बंदिस्त व वातानुकूलित असतात. भारतातील उघड्या जाळीच्या शेडमध्ये, मे महिन्याच्या उकाड्यात, फरक याहून मोठा पडू शकतो हे मान्य केले पाहिजे. तरीही हा आकडा व्यवसाय बुडवणारा नाही. तो शेड सुधारण्यासाठी लागणाऱ्या गुंतवणुकीची निकड दाखवणारा आहे.

करार, कर्ज आणि जबाबदारी

खरी अडचण इथेच आहे. कोइमतूर परिसरातून देशभर पसरलेल्या करार पद्धतीत पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनी पुरवते. शेड, वीज, पाणी आणि श्रम शेतकऱ्याचे असतात. खाद्याच्या गोणीत काय मिसळले आहे, हे शेतकऱ्याला बहुधा ठाऊक नसते. त्याचे संगोपन शुल्क मात्र खाद्य किती लागले आणि किती पक्षी मेले यांवर ठरते. म्हणजे प्रतिजैविके काढून घेतल्यावर दोन ग्रॅमांचा फरक पडला तरी तो शेतकऱ्याच्या शुल्कातून कापला जाणार, आणि तो फरक भरून काढण्यासाठी लागणाऱ्या सुधारणेचा हप्ताही त्यालाच भरावा लागणार. औषध हा कंपनीचा खेळता खर्च होता. पर्याय हा शेतकऱ्याचा भांडवली खर्च होतो. हा बोजा एका बाजूवर ढकलून कोणताही बदल टिकणार नाही.

म्हणून तीन गोष्टी घडायला हव्यात. पहिली, करारपत्रात खाद्यातील औषधे व पूरके यांचा स्पष्ट उल्लेख असावा आणि तीच माहिती गोणीवर छापलेली असावी. दुसरी, प्रतिजैविकाविना वाढवलेल्या लॉटसाठी खाद्य-वापराचे निकष काही काळ सैल करून शुल्काची तक्ते नव्याने आखावीत. तिसरी, कर्ज देणाऱ्या संस्थांनी शेडकडे केवळ विटा आणि पत्रे म्हणून पाहू नये. प्रकल्प अहवालात जागेची लांबी-रुंदी असते, पण पाण्याचा तपासणी अहवाल, लसीकरणाची नोंदवही, दोन लॉटमधील मोकळे दिवस आणि मेलेल्या पक्ष्यांची विल्हेवाट यांचे रकाने सहसा नसतात. ते रकाने वाढवण्यास फारसा खर्च नाही. निप्पल, पंखे, पाणी-शुद्धीकरण आणि तुसाच्या साठवणीसाठी मूळ कर्जाला जोडून वाढीव मर्यादा देता येईल. पशुसंवर्धनाला किसान क्रेडिट कार्डाची सोय झाल्यापासून लस व पूरकांच्या खेळत्या खर्चासाठीही मार्ग खुला आहे.

यात बँकांचे परोपकारापलीकडचे हितही आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातील नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ आली, तेव्हा लाखो पक्षी नष्ट करावे लागले, बाजारभाव कोसळले आणि देशभरातील कुक्कुटपालकांच्या कर्जांची पुनर्रचना करावी लागली. ज्या शेडचे दार रोगाला बंद आहे, त्या शेडवरचे कर्ज अधिक सुरक्षित असते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

ग्राहकाचीही यात भूमिका आहे. ‘प्रतिजैविकमुक्त’ असा शिक्का पाहून जास्त किंमत मोजण्यापूर्वी त्या दाव्याची तपासणी कोणी केली, हे विचारण्याचा त्याला हक्क आहे. आणि तपासणी झालेली असेल तर किलोमागे दोन-चार रुपये अधिक देण्याची तयारीही त्याने ठेवावी. स्वस्त मांसाची उरलेली किंमत आज रुग्णालयाच्या बिलात चुकती होते, आणि ती बहुधा ज्याने ते मांस खाल्लेही नाही अशा एखाद्या नवजात बालकाच्या किंवा वृद्धाच्या खात्यावर पडते.

औषधाचा आधार सोडणे म्हणजे व्यवसाय मागे नेणे नव्हे. सत्तर वर्षांपूर्वी स्वच्छ जागेतील पिल्लांनी जे दाखवून दिले होते, ते आता हिशेबाच्या वहीत उतरवण्याची वेळ आली आहे. गोणीतील चिमूटभर औषधाने आजवर जी उणीव झाकली, ती भरून काढण्यासाठी भांडवल, शिस्त आणि थोडा धीर लागेल. शेतकरी श्रम देईल, कंपनीने पारदर्शकता द्यावी आणि बँकेने मुदत द्यावी. प्रतिजैविकाचा खरा पर्याय या तिघांच्या भागीदारीतूनच उभा राहील.